वाचकांचे प्रश्न : पीटी मिळते, पण गिऱ्हाईक टिकत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोरेगावचा, वय २४, बी.कॉम. झालंय. तीन वर्षं साताऱ्यात एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर आहे. पगार १२ हजार, पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग मिळाली तर निम्मे पैसे जिमचे. बॉडी चांगली आहे, फिजिक स्पर्धेत दोनदा स्टेजवर गेलोय, रील्सही टाकतो, लाइक भरपूर येतात. पण पीटीला माणसं येत नाहीत, आली तर दोन महिन्यांत जातात. घरचे म्हणतात एमआयडीसीत बघ नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मित्र म्हणतो पन्नास-साठ हजाराचा मोठा कोर्स कर आणि पुण्याला जा. सक्सेसफुल पर्सनल ट्रेनर व्हायला नक्की काय लागतं?

उत्तर : अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुझी बॉडी आहे, तुझी स्पर्धा आहे, रील्स आहेत, घरचे आहेत, मित्र आहे. जी माणसं दोन महिन्यांत निघून गेली त्यातल्या एकाबद्दल एक ओळ नाही. ती कोण होती, कशासाठी आलेली, का गेली, काही नाही. माझ्या मते दुखणं तिथंच आहे, कोर्सचं नंतर बोलू.

पर्सनल ट्रेनर हा शब्द आपल्याकडं नवा असला तरी काम काही नवं नाही, तालमीतला वस्ताद दुसरं काय करायचा? कुस्ती सोडून वीस वर्षं झालेली, पोट सुटलेलं, पण कोपऱ्यात बसून एकेका पोराला जोर मारताना बघायचा आणि कुणाचा डावा खांदा खाली पडतोय ते तिथनंच ओरडून सांगायचा. ज्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, तिथल्या पोराला हे मी काय सांगायचं. वस्तादाचं पोट कुणी मोजायला जात नव्हतं, त्याची पोरं कशी लढतायत ते लोक बघायचे.

तुझी बॉडी बघून माणूस चौकशीला येतो, तेवढाच तिचा उपयोग. आणि उलटंही होतं बरं का, पोवई नाक्यावर दुकान असलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस तुझे दंड बघून मनात म्हणतो की ह्या पोरापुढं मी चार किलोचा डंबेल कसा उचलू, लाज वाटंल, आणि तो मुकाट ट्रेडमिलवर जाऊन चालत बसतो. तुझं खरं गिऱ्हाईक तोच आहे. स्टेजवर जायची हौस असलेली पोरं पीटी घेत नाहीत, ती मोबाईलवर बघून करतात.

आता माझी फजिती सांगते. मी कबड्डी खेळायचे, बी.पी.एड. केलेलं, त्यामुळं आपल्याला सगळं येतं असं वाटायचं. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांत बावन्न वर्षांचे एक साहेब होते, मोठ्या शिस्तीचे, पहाटे सहाला हजर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि मी शहाणी म्हणतेय, वा साहेब, काय घाम काढलाय आज, अजून दहा! मग ते खाली बसले आणि काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. शेजारच्या एकानं ओळखलं, त्याच्या गाडीच्या डिकीत कंदी पेढ्यांचा बॉक्स होता, त्यातले दोन खायला घातले आणि दहा-पंधरा मिनिटांनी साहेब माणसात आले. तर साहेबांना डायबेटिस, ग्लिमेपिराइडची गोळी चालू, ती घेऊन उपाशीपोटी व्यायामाला आलेले. ह्या गोळीनं साखर खाली जाते, व्यायामानंही जाते, दोन्ही एकदम झालं. मी विचारलंच नव्हतं आणि त्यांना सांगायचं सुचलं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी मला फोनवर झापलं ते झापलंच, वर हेही सांगितलं की पेढा त्या वेळेला बरा नव्हे, त्यात खवा असतो, त्यामुळं साखर हळू चढते, साधी साखर तीन चमचे पाण्यात नाहीतर ग्लुकोज पावडर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं आणि माणूस नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठायचा. तेव्हापासून माझ्या पिशवीत ग्लुकोजचा डबा असतो.

म्हणून पहिल्या दिवशी वजनाला हात लावायचा नाही, विचारायचं. पार-क्यू नावाचा सात साध्या प्रश्नांचा फॉर्म असतो, जगभर वापरतात, छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी आहे का, कुठली गोळी चालू आहे का, हाडा-सांध्याचं काही आहे का, असलं. तो मराठीत लिहून काढ आणि भरून घे. गोळीचं नाव लिहून घेच, कारण बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी-हृदयासाठीची एक गोळी, चालू असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत, मग तू जास्तीत जास्त ठोके किती ते काढायला २२० वजा वय करून बसशील आणि घड्याळ ११० दाखवतंय म्हणून त्याला अजून पळवशील. तिथं त्याला बोलायला लावून बघायचं, दोन वाक्यं सलग बोलता येतायत तोवर ठीक. कुठल्याही प्रश्नाला ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग व्यायाम, तोवर एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि कशासाठी आलाय ते विचार. सगळे वेट लॉस म्हणतात, तेच खरं धरू नको. माझ्याकडं राजवाड्याच्या बाजूच्या एक काकू आल्या, साठीच्या पुढच्या, म्हणाल्या दहा किलो कमी करायचंय. तिसऱ्या दिवशी खरं बाहेर आलं, ‘अगं सत्यनारायणाला सगळ्या बायका खाली बसतात आणि मी एकटी खुर्चीत, पाहुणी असल्यासारखी.’ म्हणजे त्यांना खाली बसून कुणाचा हात न धरता उठायचं होतं. मग आम्ही एक साधी खुर्ची घेतली, तिच्यावर दोन सतरंज्या घडी करून ठेवल्या आणि त्या उंचीवरनं उठायला-बसायला सुरुवात केली. तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजायचं, ही म्हाताऱ्या माणसांसाठीची नावाजलेली टेस्टच आहे. पहिल्या दिवशी सहा झाले, तेही हात मांडीवर रेटून. बारा व्हायला लागले तशी एक सतरंजी काढली, मग दुसरी, मग खुर्ची जाऊन बुटकं स्टूल आलं, मग पाट. साडेतीन महिने लागले. पुस्तकात ह्याला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात, आमच्याकडं ते सतरंजीत मोजलं. वजन किती उतरलं विचारशील तर दोन किलो, आणि काकूंनी त्याबद्दल परत चकार शब्द काढला नाही. पण भजनी मंडळातल्या चौघींना पाठवलं त्यांनी, त्यातल्या दोघी अजून येतात. साताऱ्यात पीटीचं गिऱ्हाईक असं येतं, तुझ्या रीलला लाइक देणारा पोरगा बहुतेक नागपूरचा असतो.

ह्या सगळ्यासाठी एक दोनशे पानी वही कर. प्रत्येक माणसाची वेगळी. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, आणि शेजारी बारीक अक्षरात झोप कशी झाली, गुडघा बोलला का, मुलीची परीक्षा चालू आहे का. मोबाईलमध्ये लिहिलंस तरी चालतं पण माझा अनुभव असा की ट्रेनरनं मोबाईल हातात घेतला की गिऱ्हाइकाला वाटतं हा व्हॉट्सॲप बघतोय, आणि निम्म्या वेळा तो बघतच असतो. वहीनं काय होतं तर तू म्हणू शकतोस की मागच्या मंगळवारी आठ किलोनं दहा मारलेले, आज बारा झाले, पुढच्या वेळी दहा किलोचा डंबेल घेऊ. आठ ते बारा वेळांच्या मधे खेळायचं, बारा नीट जमले की वजन थोडं वाढवून परत आठवर यायचं, एवढं साधं आहे ते. पण त्या माणसाला पहिल्यांदा दिसतं की आपण पुढं सरकलोय, वजनकाटा हलला नसला तरी. तुझी माणसं दोन महिन्यांत का गेली त्याचं उत्तर मला वाटतं हेच, काटा हलला नाही आणि दाखवायला तुझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

पैशाचं बोलू. जिममध्ये पीटीचा वेळ म्हणजे सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ, दिवसाचे आठ तास. सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरू-शनि असे दोन गट केले तर सोळा माणसं होतात, त्याच्या पलीकडं जागाच नाही. सोळा घेऊ नको, सोळाव्या माणसाला तू फक्त आकडे मोजून दाखवशील. दहा धर. महिन्याला बारा सेशनचे ४ हजार घेतलेस तर ४० हजार, निम्मे जिमचे, तुझे २० आणि पगार १२, म्हणजे ३२ हजार. हे भरलेल्या महिन्याचं गणित झालं. जूनमध्ये शाळेची फी भरली की पहिली पीटी बंद होते, गणपतीत आठ-दहा दिवस कुणी येत नाही, दिवाळीत तर विचारू नको, आणि जानेवारीत एवढी गर्दी की रॅकवर प्लेट शिल्लक राहत नाही. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतलं थोडं बाजूला ठेव. पैसे आधी घे आणि बारा सेशन पाच आठवड्यांत संपवायची असं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दे, नाहीतर चार महिन्यांनी कुणीतरी येऊन म्हणतं माझी तीन राहिलीत. आपल्याकडं ओळखीत पैशाचं बोलायला जड जातं, मलाही जायचं, म्हणून तर कागद.

निम्मे पैसे जिम घेते ह्याचा राग मला समजतो, पण जागा, मशिनं, लाइटबिल त्यांचं. राग धरून त्यांचीच गिऱ्हाइकं गुपचूप घरी शिकवायला जाऊ नको, आपलं गाव केवढं, चार दिवसांत कळतं. सोडायचं असेल तर सांगून सोड.

कोर्स कर, पण कशासाठी ते समजून कर. आपल्या देशात ट्रेनर व्हायला लायसन लागत नाही, म्हणून तर काल जिम लावलेला आज ट्रेनर होतो. अमेरिकेतल्या एसीई, एसीएसएम, एनएएसएम, एनएससीए ह्या संस्थांच्या ट्रेनरसाठीच्या परीक्षा जगात चालतात, इंग्रजीतनं अभ्यास असतो. आपल्याकडं स्किल इंडियाचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे, तो स्वस्तात होतो, तुझ्याकडं आत्ता पैसे नसतील तर तिथनं सुरुवात कर. त्याच्याही आधी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचा प्रथमोपचार, शिकून घे, हे उद्याच बघ, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायची, हे ऐकून येत नाही, पुतळ्यावर करून घाम निघाला की कळतं. सर्टिफिकेटनं गिऱ्हाईक येत नाही, पण पाठ धरलेल्या माणसाला काय करायला लावायचं नाही ते कळतं.

पुण्याला जायचं तर जा बाबा, तिथं फी जास्त मिळते, खोलीभाडं पण जास्त जातं, आणि सेशनपेक्षा ट्रॅफिकमध्ये वेळ जास्त. मी असते तर आधी इथलं एक काम हातात घेतलं असतं. दरवर्षी पावसाळ्यात आपली हिल मॅरेथॉन असते, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. लोक चढायची प्रॅक्टिस करतात आणि मरतात उतरताना, कारण उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात जात भार धरतो आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावरनं उलटं उतरायची पाळी येते. पायरीवरनं एका पायानं सावकाश खाली येणं, लंजेस म्हणजे एक पाय पुढं टाकून गुडघ्यात वाकणं, पोटऱ्या, आठवड्यातनं दोनदा, मे-जूनपासून. एवढंच काम घेऊन सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उभा राहिलास तरी ओळखीचे दहा पळणारे भेटतील. रील टाकायचंच तर ह्याचं टाक, शर्ट घालून.

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ३७, दोन मुलं. चार वर्षं सोसायटीच्या हॉलमध्ये झुंबा घेते. बायका विचारतात वजनाचं पण शिकवा, घरी येऊन शिकवाल का. पण माझी फिगर काही जिमवालीसारखी नाही आणि घरात म्हणतात वेट्स म्हणजे पुरुषांचं काम. जमेल का?

उत्तर : ताई, तुमच्याच सांगलीच्या संकेत सरगरला २०२२ साली बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ५५ किलो गटात सिल्व्हर मिळालं, गोल्ड एका किलोनं हुकलं, हे घरच्यांना माहीत असणारच. त्याची बहीण काजोलसुद्धा वेटलिफ्टर आहे हे सांगा त्यांना. आणि गॅसचा भरलेला सिलेंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो दारातनं ओट्याखाली नेणारी बाई दोन किलोच्या गुलाबी डंबेलला घाबरते ही गंमत बघा.

जमेल. तुमच्याकडं चार वर्षं टिकलेल्या बायका आहेत, वरच्या कोरेगावच्या पोराकडं तेच नाही. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात आणि त्यावर नुसतं नाचून भागत नाही, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्यातनं दोन दिवस तरी स्नायूंचा व्यायाम सांगते. सुरुवातीला दोन, तीन आणि पाच किलोच्या डंबेलची एकेक जोडी आणि दोन रबर बँड एवढ्यावर घरचं सेशन होतं, जास्त सामान घेऊन पैसे अडकवू नका.

एक नाजूक गोष्ट. झुंब्यात उड्या सुरू झाल्या की काही बायका हळूच मागं जाऊन उभ्या राहतात किंवा बाथरूमला जातात, तुम्ही बघितलं असेल. बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा कमी झालेला असतो आणि ते कुणी कुणाला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. घरच्या सेशनमध्ये एकट्या असताना सहज विचारा. उड्या बंद करा, जोर लावताना श्वास सोडायला शिकवा, आणि फिजिओथेरपिस्टकडं पाठवा, त्यांच्यात पेल्विक फ्लोअरवर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर, काम करणाऱ्या असतात. पुरुष ट्रेनरला ही गोष्ट दहा वर्षांत कळायची नाही, तुम्हाला पहिल्या महिन्यात कळेल.

फी मात्र झुंब्याच्या हिशोबानं लावू नका. झुंब्यात तीस जणी एका तासात असतात, इथं एक असते, वर जाण्यायेण्याचा अर्धा तास आणि पेट्रोल. ‘ताई आपल्यातलीच आहे’ म्हणून कमी करायला सांगतील. हसा आणि आकडा तोच ठेवा. फिगरचं मी उत्तर देत नाही, ते वर देऊन झालंय.

प्रश्न : मॅडम, कराडजवळ ट्रेनर आहे. पोरं इंजेक्शन मागतात, मी नाही म्हटलं की दुसऱ्याकडं जातात आणि तो कमावतो. प्रॅक्टिकली काय करावं?

उत्तर : जाऊ दे त्यांना. तू म्हणतोस ते इंजेक्शन बहुतेक मेफेंटरमाइनचं, ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर घसरलेलं बीपी वर आणायचं औषध आहे ते, भूलतज्ज्ञ मॉनिटर लावून देतो, आणि इथं एकोणीस वर्षांचा पोरगा ते टोचून घेऊन बेंचवर झोपतो, आधीच बीपी चढलेलं, वर दम कोंडून शंभर किलो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकणं गुन्हा आहे, आपल्याच भागात माणसं धरल्याच्या बातम्या पेपरात येतात आणि धरलं की पहिली चौकशी जिमच्या ट्रेनरचीच होते. स्टेरॉइडचंही तेच, बाहेरनं टेस्टोस्टेरॉन घातलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं, शुक्राणू कमी होतात, मग लग्नानंतर दवाखाने फिरताना तुझं नाव घेतील.

पोरं मागायला येतात तेव्हा त्यांना ताटाचं विचार. साध्या माणसाला आयसीएमआर किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगते, वजनं मारणाऱ्याला दीडपट-दुप्पट लागतं, आणि बहुतेक पोरं दिवसभर वडापाव आणि चहावर असतात. साठ किलोच्या पोरानं रोज चार अंडी, वाटीभर मटकी, अर्धा लिटर दूध सुरू केलं आणि रात्री दोनपर्यंत मोबाईल बघायचा बंद केला तर तीन महिन्यांत जो फरक पडतो तो बघून त्याचीच आई तुला फोन करंल. किडनीचं वगैरे काही असेल तर मात्र आहारातही आपण तोंड घालायचं नाही, डॉक्टरकडं पाठवायचं.

(गुडघा बदलाचं ऑपरेशन झालेल्यांनी व्यायाम कधी सुरू करावा ह्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. पुढच्या अंकात एका फिजिओथेरपिस्टना बसवून घेते.)